बाजार कोणाचा, गिऱ्हाईक कोणाचे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'बाजार' या शब्दाची व्याख्या पहिल्याच वर्षी पाठ करावी लागते. ग्राहक आणि विक्रेता ज्या ठिकाणी अथवा ज्या व्यवस्थेद्वारे एकमेकांच्या संपर्कात येतात तो बाजार. व्याख्या चुकीची नाही. परंतु तिच्यात एका इसमाचा उल्लेख राहून गेला आहे. ज्याच्या जागेवर बाजार भरतो तो हा इसम. आठवडी बाजारात, ज्याला आपले कन्नड भाषक मित्र 'संते' म्हणतात, ही जागा नगरपालिकेची वा पंचायतीची असते. बसणाऱ्याने पट्टी भरली, पावती घेतली की पंचायतीचा संबंध संपला. मेथीची जुडी कोणी कोणाला किती पैशांना दिली, गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा आले की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसते. ऑनलाइन बाजारात मात्र हा तिसरा इसमच मुख्य असतो. त्याला सर्व व्यवहार दिसतात, पैसे त्याच्या हातून जातात, आणि गिऱ्हाईकही, पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, त्याचेच होते.

प्रस्तुत लेखात लहान, स्वतंत्र विक्रेत्याच्या बाजूने या बाजारांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मोठ्या कंपन्यांची उलाढाल, भांडवल, शेअरचे भाव हे विषय वर्तमानपत्रांत रोज येतात. ते येथे घेतलेले नाहीत. माझा मुद्दा एवढाच आहे की, असा बाजार नवा असताना विक्रेत्याला जे देतो आणि जुना झाल्यावर त्याच्याकडून जे घेतो यांत फरक पडतो, हा फरक योगायोगाने पडत नाही, आणि कमिशनचा दर हे त्याचे केवळ वरवरचे लक्षण आहे.

मध्यस्थ ही संस्था आपल्याकडे नवी नाही. मी मराठी माध्यमातून शिकलो. शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दलाल' म्हणत तो कॉलेजात आल्यावर 'एजंट' झाला, आणि मार्केट यार्डात गेल्यावर कळले की त्याचे खरे नाव 'अडत्या'. खानापूर किंवा चंदगडकडून रताळ्याची गाडी आली की अडत्या ती उतरवून घेतो, लिलाव करतो, अडत, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याला पट्टी देतो. अडत्याबद्दल शेतकरी चांगले क्वचितच बोलतो. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: एक अडत्या पटला नाही तर शेतकरी पुढच्या गाळ्यावर जाऊ शकतो, आणि रताळी तीच राहतात. अडत्या बदलला म्हणून त्याच्या मालाची पत शून्यावर येत नाही. ऑनलाइन बाजाराच्या बाबतीत नेमके हेच होते.

अशा बाजारांचा इतिहास तीस वर्षांचा आहे. अमेरिकेत १९९५ साली पिअर ओमिड्यार या संगणकतज्ज्ञाने ऑक्शनवेब या नावाने लिलावाचा बाजार सुरू केला. तोच पुढे ईबे झाला. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, आणि तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला! घरातील अडगळ, जुनी नाणी, खेळणी विकणारी साधी माणसे हाच या बाजाराचा प्राण होता. अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा या प्रश्नाला ईबेने जे उत्तर काढले ते कल्पक होते: खरेदी झाल्यावर विक्रेत्याने गिऱ्हाईकाला आणि गिऱ्हाईकाने विक्रेत्याला शेरा द्यायचा. जसे शेरे तशी पत. म्हणजे आपल्या पेठेत तोंडोतोंडी जे चालते तेच तेथे लेखी झाले.

२००८ साली ईबेने हा नियम बदलला. गिऱ्हाईकाने विक्रेत्याला वाईट शेरा द्यावा, परंतु विक्रेत्याने गिऱ्हाईकाला देऊ नये, असे ठरले. कंपनीची बाजू अशी की, विक्रेते सूड म्हणून वाईट शेरे देतात आणि गिऱ्हाईक घाबरून खरे बोलत नाही. त्यात तथ्य होतेच. शुल्काची रचनाही त्याच सुमारास बदलली, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार पुकारला. बाजार चालूच राहिला. एका बाजूचे माप काढून घेतले गेले, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

याच ईबेचा आपल्या देशाशीही संबंध आला. मुंबईत २००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही कंपनी ईबेने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद करण्यात आले. जुनी नाणी, टपाल तिकिटे, सुटे भाग विकणारे जे लोक तेथे वर्षानुवर्षे शेरे जमवीत आले होते, त्यांची ती पत त्या बाजारापुरतीच होती. गाळा बदलता येतो. येथे यार्डच उठले.

परंतु या विषयाचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना माझ्या मते ईबे नसून एट्सी हा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली सुरू झालेला हा बाजार हाताने केलेल्या वस्तूंसाठीच होता: विणलेले स्वेटर, मातीची भांडी, दागिने, आणि जोडीला जुन्या काळच्या वस्तू. स्वतः करणारा तोच विकणारा, ही अट. कारखानदाराला मज्जाव. आपल्याकडील एखाद्या विणकराला असा बाजार मिळाला असता तर त्याने देव पावला म्हटले असते.

२०१३ साली ही अट सैल झाली. विक्रेत्याने नोकर ठेवावेत, बाहेरच्या कारखान्याकडून माल करून घ्यावा, मात्र तशी माहिती कंपनीला देऊन परवानगी घ्यावी, असे ठरले. कारण समजण्यासारखे आहे. ज्याचा माल खपू लागला तो दोन हातांनी किती करणार? परंतु एकदा 'हाताने केलेले' या शब्दांचा अर्थ रुंदावला की त्या रुंद दारातून कोण कोण आत येते हे पाहणे कठीण होते. २०१५ च्या एप्रिलमध्ये एट्सी शेअरबाजारात आली. त्यानंतर भागधारक हा चौथा इसम या व्यवहारात आला आणि त्याला दर तिमाहीला वाढ दाखवणे आवश्यक झाले. विक्रीवरील शुल्क पूर्वी ३.५ टक्के होते. जुलै २०१८ पासून ते ५ टक्के झाले. ११ एप्रिल २०२२ पासून ६.५ टक्के. ही टक्केवारी वाहतुकीच्या रकमेवरही लागते. शिवाय वस्तू मांडण्याचे २० सेंट वेगळे आणि पैसे हाताळण्याचे शुल्क वेगळे.

या सर्वांत मला अभ्यासनीय वाटला तो २०२० मधील जाहिरातीचा नियम. एट्सी इतर ठिकाणी विक्रेत्याच्या वस्तूची जाहिरात करणार. त्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले आणि खरेदी झाली तर विक्रीच्या १५ टक्के रक्कम कापणार. लहान विक्रेत्याला ही योजना नाकारता येते. परंतु ज्याची वर्षाची विक्री एकदा १० हजार डॉलरवर गेली, त्याला दर १२ टक्के लागतो आणि नाकारण्याचा हक्क राहत नाही. म्हणजे विक्रेता वाढला की दर थोडा उतरतो, आणि निवड संपते. विक्री वाढणे हे स्वातंत्र्य वाढण्याचे लक्षण आहे, असे आपण गृहीत धरतो. येथे ते उलट झाले.

एप्रिल २०२२ मधील शुल्कवाढीच्या दिवसापासून हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपापली दुकाने बंद ठेवली. त्यांच्या मागण्या तीन-चार होत्या: वाढ रद्द करा, जाहिरात ऐच्छिक करा, कारखान्याचा माल हाताचा म्हणून विकणाऱ्यांना हुसका. वाढ मागे घेतली गेली नाही. संप फसला असे म्हणून मी विषय सोडणार नव्हतो, म्हणून विचार केला की गिरणीतील संप आणि हा संप यांत फरक काय? गिरणीत कामगार गेटवर उभा राहिला की धुराडे थंड होते आणि मालकाला ते दिसते. येथे एका कुंभाराने दुकान बंद केले तर गिऱ्हाईकाला ते बंद दुकान दिसतच नाही. त्याला दुसऱ्या कुंभाराचे भांडे दिसते. रिकामी जागा कोठेच राहत नाही. संपाचे हत्यारच बोथट होते.

आता कारणांकडे वळू. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली अशा 'दुहेरी बाजारां'वर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. तिरोल यांना पुढे २०१४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, परंतु त्यातील मुख्य विचार सोपा आहे. दोन बाजूंना एकत्र आणणाऱ्या व्यवस्थेत दोघांना सारखा दर लावणे शहाणपणाचे नसते. जी बाजू सहज निघून जाईल तिला सवलत द्यावी, आणि जी बाजू दुसऱ्या बाजूच्या ओढीने टिकून राहील तिच्याकडून वसूल करावे. बाजार नवा असतो तेव्हा मालच नसतो, म्हणून विक्रेत्याची मनधरणी होते: शुल्क माफ, फोटो काढून देऊ, पहिल्या पानावर जागा देऊ. माल भरला, गिऱ्हाईक लोटले, की विक्रेता जाणार कोठे? मग सवलत गिऱ्हाईकाकडे वळते (मोफत घरपोच, विनाप्रश्न परती) आणि तिचा खर्च विक्रेत्याकडे. मालकाचा स्वभाव दुष्ट असण्याची यात गरजच नाही. सज्जन मालकही याच वाटेने जाईल. न गेला तर त्याचा प्रतिस्पर्धी जाईल.

उलट प्रकारही घडतो, हे सांगितले पाहिजे. नवा स्पर्धक आला की विक्रेत्याचे दिवस पुन्हा थोडे पालटतात. बेंगळुरूच्या मीशो या २०१५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने २०२१ साली विक्रेत्यांकडून कमिशन घेणेच बंद केले आणि जाहिरात व वाहतूक यांवर उत्पन्न उभे केले. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ॲमेझॉनने ३०० रुपयांखालील अनेक वस्तूंवरील, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लिपकार्टने १००० रुपयांखालील वस्तूंवरील कमिशन शून्यावर आणल्याचे जाहीर केले. येथे वाचकांनी घाई करू नये. कमिशन शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे, हे खालील हिशेबावरून दिसेल.

आमचे मामा वडगावात दोन यंत्रमाग चालवतात. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील मागांचा आवाज बेळगावकरांना सांगायला नको. गेली काही वर्षे मामांचा मुलगा रवी एका ऑनलाइन बाजारात साड्या विकतो, आणि त्याच्या हिशेबाची वही माझ्याकडे आहे, कारण घरात बी. कॉम. शिकणारा मीच एकटा. त्या बाजाराचे नाव येथे देत नाही. शिवाय पुढील आकडे वहीतील नसून समजण्यासाठी गोल केलेले आहेत. प्रत्येक बाजाराचे दर वेगळे असतात आणि वर्षातून एकदा तरी बदलतात.

समजा, साडीची किंमत १००० रुपये, त्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे गिऱ्हाईक १०५० देते. बाजाराचे कमिशन १२ टक्के धरू: १२६ रुपये. ठरीव शुल्क ३०. वाहतूक ७०. एकूण २२६. या सेवेवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४० रुपये ६८ पैसे. त्याखेरीज बाजार जीएसटीपोटी ०.५ टक्के वसुली कापून सरकारजमा करतो (हा दर १ ऑक्टोबर २०१८ रोजी १ टक्क्याने सुरू झाला आणि १० जुलै २०२४ पासून निम्मा झाला), म्हणजे ५ रुपये. प्राप्तिकराची कपात १ ऑक्टोबर २०२० पासून १ टक्का होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाली, म्हणजे १ रुपया. बँकेत जमा: ७७७ रुपये ३२ पैसे. परीक्षेत हा प्रश्न आला तर बहुतेक जण येथे थांबतील. थांबू नये. साडीवरचा ५० रुपयांचा कर आपला नाही. परंतु सेवेवर भरलेले ४०.६८ आणि वसुलीचे ५ त्यातून वजा मिळतात, म्हणून ४.३२ भरायचे. प्राप्तिकराचा १ रुपया विवरणपत्रात परत धरता येतो. अखेर हाती ७७४ उरतात. सूत, मजुरी, वीज, पुडके यांचा खर्च ६५० धरला तर नफा १२४.

वाईट नाही, असे वाटेल. तीच साडी खडेबाजारातील दुकानदार समजा करावेगळे ७५० ला घेईल, म्हणजे नफा १०० आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी, तेही चार खेपा घातल्यावर. ऑनलाइन बाजार ठरल्या दिवशी पैसे जमा करतो. हा त्याचा गुण मोठा आहे आणि उधारीने गांजलेला कोणताही मागवाला तो मान्य करील. पंजाबातील गिऱ्हाईकाला वडगावची साडी दिसते, हेही खरेच आहे.

परंतु ती दिसते कोणत्या पानावर? आठवडी बाजारात बसण्याची जागा वहिवाटीने ठरते. आजी जेथे बसायची तेथे नात बसते. येथे जागा घटकाघटकाला बदलते. पहिल्या पानावर यायचे असेल तर जाहिरातीची बोली लावावी लागते, आणि पैसे विक्रीवर नसून बोट लावण्यावर कापले जातात. एका बोटाचे ३ रुपये आणि २५ बोटांमागे एक साडी जात असेल, तर साडीमागे ७५ रुपये गेले. १२४ चे ४९ झाले.

राहिला परतीचा भाग. गिऱ्हाईकाने दारातच पुडके नाकारले तर ते उगमस्थानी परत येते. विक्रेत्यांच्या बोलीत याला 'आरटीओ' म्हणतात. गाड्यांच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, हे मला रवीने हसत सांगितले. पाठवल्यानंतर 'रंग फोटोसारखा नाही' म्हणून परत येणारी साडी वेगळी. समजा, परत आलेल्या साडीवर कमिशन लागत नाही, पण जाण्यायेण्याचा खर्च १२० विक्रेत्यावर पडतो. दहा साड्या पाठवल्या आणि दोन परत आल्या, तर आठ साड्यांचा नफा ३९२. दोन परतींचा खर्च २४०, आणि त्या दोन खपवण्यासाठी जाहिरातीवर गेलेले १५० तर परत येत नाहीतच. बेरीज ३९०. दहा साड्या विणून, घडी करून, पुड्यात घालून शिल्लक दोन रुपये. परत आलेली साडी वापरलेली नाही, डागाळलेली नाही, हे यात गृहीत आहे. आता या हिशेबातील १२ टक्के कमिशन जर १० टक्के झाले तर फरक पडेल, परंतु जाहिरात आणि परती यांनी जे खाल्ले त्याच्या मानाने थोडा. म्हणूनच कमिशन हे वरवरचे लक्षण आहे असे मी प्रारंभी म्हटले.

याच्या मुळाशी असलेली गोष्ट अशी. खडेबाजारातील दुकानदार, त्याच्याकडे येणारी गिऱ्हाईक बाई आणि मामा यांच्यात ओळखीची साखळी आहे. 'वडगावच्या अमक्यांच्या मागाची साडी टिकते', हे ती बाई बहिणीला सांगते. ऑनलाइन बाजारात खपलेल्या साडीचे गिऱ्हाईक मामांना माहीत नसते. नाव-पत्ता चिठ्ठीवर असतो, तो पुडके पोहोचवण्यापुरता. फोन क्रमांक झाकलेला असतो. पुडक्यात आपले कार्ड घालून गिऱ्हाईक आपल्याकडे वळवणे हे नियमांविरुद्ध आहे. साडी आवडली तर ती बाई तो बाजार पुन्हा उघडते, आणि तिला जी साडी दिसेल ती मामांची असेलच असे नाही. म्हणजे चांगल्या मालाने जी पत निर्माण झाली ती बाजाराच्या खात्यावर जमा, आणि परतीचा खर्च विक्रेत्याच्या खात्यावर नावे!

शिवाय बाजार सर्वांचे आकडे पाहतो. काय खपते, किती भावाला, कोणत्या गावी. तोच बाजार स्वतःचा माल विकू लागला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. युरोपीय आयोगापुढे ॲमेझॉनने डिसेंबर २०२२ मध्ये लेखी हमी दिली की, इतर विक्रेत्यांची खाजगी आकडेवारी आपण स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही. आपल्याकडे परकीय भांडवल असलेल्या बाजाराला स्वतःचा माल थेट गिऱ्हाईकाला विकण्यास मनाई आहे. २०१६ च्या परिपत्रकाने एका विक्रेत्याची विक्री एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे सांगितले, आणि २६ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकाने (अंमल १ फेब्रुवारी २०१९) ज्या कंपनीत बाजाराचा हिस्सा आहे तिने त्याच बाजारात विकू नये असा नियम केला. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या तक्रारीवरून ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला, त्यातही ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप मिळते हीच तक्रार होती. ग्राहक संरक्षण कायद्याखालील जुलै २०२० च्या नियमांत तर, माल कोणत्या निकषांवर वर-खाली दाखवला जातो ते बाजाराने समजावून सांगावे, असे कलम आहे. कलम चांगले आहे. रवीने आणि मी ते स्पष्टीकरण वाचले. 'गिऱ्हाईकाच्या दृष्टीने उपयुक्तता' असे काहीसे त्यात होते. त्यावरून आमची साडी सातव्या पानावर का, हे आम्हां दोघांनाही उमगले नाही.

कायद्याचा एक मुद्दा आपल्या भागाला विशेष लागू आहे, म्हणून सांगतो. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हा उलाढाल कितीही थोडी असो, ऑनलाइन बाजारात माल विकायचा तर नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला सूट मिळाली: उलाढाल मर्यादेखाली असेल (कर्नाटकात मालासाठी ती ४० लाख आहे) तर नोंदणीशिवाय विकावे, मात्र आपल्याच राज्यात. बेंगळुरूच्या विक्रेत्याला यात अडचण नाही, त्याचे गिऱ्हाईक त्याच्या चहूबाजूंना आहे. बेळगावच्या विक्रेत्याचे काय? त्याने चारशे किलोमीटरांपलीकडील बिदरला साडी पाठवली तर चालते. हाकेच्या अंतरावरील शिनोळीला पाठवली तर नोंदणी हवी. कोल्हापूर, गडहिंग्लज, सावंतवाडी, मडगाव ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाईकी. लग्नाचे बस्ते तेथून येथे आणि येथून तेथे होत आले. कर हा राज्यांच्या रेषेने आकारला जातो हे मी जाणतो आणि त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. परंतु सवलतीचा उपयोग सीमेवरच्या लहान विक्रेत्याला सर्वांत कमी होतो, हे दोन्ही भाषांतील वाचकांना पटावे. मामांनी नोंदणी घेतली आहे, आणि दरमहा विवरण भरण्याचा खर्च वरील ६५० रुपयांत मी धरलेला नाही.

एवढ्यावर भागले असते तरी प्रश्न नफ्यातोट्याचाच राहिला असता. पण एट्सीच्या बाबतीत २०१३ नंतर जे झाले, म्हणजे बाजाराने शेवटी मालच बदलला, ते येथेही दारात उभे आहे. त्या पानावर मामांच्या साडीशेजारी सुरतेची छापील साडी असते, चारशे रुपयांना. फोटोत काठ तसाच दिसतो. सूत बोटांनी चाचपून पाहण्याची सोय नाही, आणि गिऱ्हाईकाने 'कमी किंमत आधी' असे बटण दाबले की विणकामाचा प्रश्नच मिटतो. रवी हुशार आहे. तो म्हणतो, "दादा, माग विकूया. सुरतेहून गठ्ठे आणू, फोटो काढू, पुडकी करू. मागाला वीज लागते, माणूस लागतो. पुडक्याला टेप लागते." मामा यावर काही बोलत नाहीत. मामी मात्र म्हणाल्या, की मग वडगावातच कशाला राहायचे, पुडकी कुठेही करता येतील. अर्थशास्त्राच्या दृष्टीने रवीचे म्हणणे चूक नाही, आणि म्हणूनच मला ते अस्वस्थ करते. सुरतेचा माल बेळगावहून विकणाऱ्याला सुरतेचा विक्रेता किती दिवस टिकू देईल, हा प्रश्न मी त्याला विचारला. त्याने उत्तर दिले नाही, पण विचारात पडला.

तूर्त आम्ही एवढेच केले आहे. साधे, खात्रीने खपणारे आणि परत न येणारे नग ऑनलाइन बाजारात ठेवले. ठरावीक काठपदराचे, ज्यांना मामांच्या हातची ओळख आहे असे नग खडेबाजारात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोनवर फोटो पाठवून विकतो. तेथे वाहतूक गिऱ्हाईक देते आणि परत पाठवण्याआधी निदान बोलते. केंद्र सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यात विक्रेता एका ठिकाणी आणि गिऱ्हाईक दुसऱ्या ठिकाणी असू शकतो, म्हणजे यार्ड एकाचे नसते. त्याचीही चौकशी चालू आहे.

विक्री करू इच्छिणाऱ्या मित्रांना वहीबद्दल विचारले जाते म्हणून सांगतो. महिन्याची एकूण जमा पाहून उपयोग नाही. बँकेतील आकडा गोड असतो. प्रत्येक नगाची एक ओळ करावी आणि रकाने असे आखावेत: विक्री किंमत, करावेगळी किंमत, कमिशन व शुल्क, वाहतूक, जाहिरात, परतीचा खर्च, वजा मिळणारा कर, आणि शेवटी उरलेले. जाहिरातीचा खर्च परत आलेल्या नगांसह वाटावा. आम्ही जूनपासून असे लिहीत आहोत. पहिल्या तीन महिन्यांत दोन प्रकारच्या साड्या सर्वांत जास्त खपल्या, आणि त्याच दोहोंवर तोटा निघाला. त्या आता तेथे ठेवत नाही. माग विकायचे की नाही, हे वर्षाची वही पुरी झाल्यावर ठरवू, असे रवीने मामांसमोर कबूल केले आहे.